कोपर उलटं का वळतं? त्रिमितीय बाहुलीची हाडं आणि त्यांची दुखणी



संगणकावर माणूस उभा करणं आता फार अवघड राहिलेलं नाही. ब्लेंडर फुकट मिळतं, तयार मॉडेल मिळतात, हाडांचा सांगाडाही दोन-चार क्लिकमध्ये बसतो. मग पडद्यावर एक माणूस दोन्ही हात आडवे पसरून आपल्याकडे बघत उभा राहतो. इथपर्यंत सगळेच पोचतात. खरी पंचाईत पुढे आहे. त्याला बसवायचं, वाकवायचं, हातात काहीतरी द्यायचं म्हटलं की कोपर पाठीमागे जातं, मनगट रुमालासारखं पिळलं जातं, गुडघा टुणकन उडी मारतो आणि रात्री दीड वाजता हॉस्टेलच्या खोलीतून आवाज येतो, "हे सॉफ्टवेअरच बोगस आहे राव!"

दरवर्षी गॅदरिंगच्या आधी कॅड लॅबमध्ये हे वाक्य ऐकू येतं. त्यानंतरचं वाक्य जास्त वाईट असतं: "आपल्याला ड्रॉइंग येत नाही, हे आपलं काम नव्हे." आणि चांगली मुलं काम सोडून देतात. या लेखाचं कारण एवढंच. हाडांच्या या तक्रारींचा चित्रकलेशी फारसा संबंध नाही. त्यातल्या बहुतेक तक्रारी तुमच्या थिअरी ऑफ मशीन्स आणि एम-टूच्या पुस्तकांत आधीच सुटलेल्या आहेत.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे गोंधळ होणार नाही. लेझीम खेळणारा मुलगा. मुद्दाम हेच घेतो, कारण याच्याइतका खडूस नमुना दुसरा नाही. पाय जमिनीला टेकलेले, गुडघे वाकलेले, कंबर खाली, आणि दोन्ही हात एकाच वस्तूवर! एका हातात लाकडी दांडा, दुसऱ्या हातात साखळीची मूठ. ज्याला लेझीम जमली त्याला बाकी सगळं जमतं.

हाड म्हणजे नेमकं काय

सॉफ्टवेअरमधलं हाड म्हणजे हाड नव्हेच. ती एक अक्षप्रणाली आहे, मेकॅनिक्समधली को-ऑर्डिनेट फ्रेम. तिला एक डोकं (जिथून ते सुरू होतं), एक शेपूट (जिथे संपतं) आणि एक रोल असतो. डोकं ते शेपूट ही दिशा ब्लेंडरमध्ये नेहमी वाय अक्ष. उरलेले एक्स आणि झेड हाडाभोवती कुठे तोंड करून आहेत, हे रोल ठरवतो. पहिली दोन दुखणी इथेच जन्मतात.

एक म्हणजे, आपण झेडच्या खिडकीत आकडा टाकतो आणि हाड वर जायचं सोडून बाजूला पळतं. कारण तो झेड खोलीचा नव्हे, हाडाचा आहे. उभ्या हाडाचा वाय वर असतो. म्हणून कंबरेचं मुख्य हाड उभं असेल तर मुलाला खाली बसवायला वायमध्ये उणे आकडा टाकावा लागतो. पोझर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये (पहिली आवृत्ती १९९५ ची) यावर छान तोड होती. तिथल्या डायलवर एक्स-वाय-झेड नसायचं. वाकवणे, पिळणे, बाजूला नेणे अशी साधी नावं असायची. माझ्या मते नवशिक्यासाठी आजही तीच पद्धत बरी. आपल्या रिगला अशी नावं द्यायला कुणी अडवलेलं नाही.

दुसरं म्हणजे, रोल चुकला की कोपर आडवं मोडतं. बिजागरी दाराच्या कडेला लावायची सोडून खालच्या चौकटीला लावल्यासारखं. उपाय सोपा आहे: आर्मेचरच्या सेटिंगमध्ये अक्ष दाखवायची खूण करा, आणि कोपर-गुडघ्याचा एक्स अक्ष खरोखर बिजागरीच्या खिळ्यासारखा आडवा आहे ना ते डोळ्यांनी बघा. नसेल तर एडिट मोडमध्ये रोल पुन्हा काढायची आज्ञा आहे. हे काम पोझ देण्याआधी करायचं. शंभर पोझ दिल्यावर रोल बदलला तर शंभरही पोझ बिघडतात.

याला जोडून एक छोटी गोष्ट. "हाड सरकतच नाही" ही तक्रार फार येते. हाड आपल्या बापाला चिकटलेलं, म्हणजे कनेक्टेड असेल, तर ते सरकणार नाहीच, फक्त फिरेल. तुमचं कोपर तरी दंडापासून सुटून कुठे जातं? तिथे काही बिघडलेलं नाही.

दोरा आणि दांडी

हाडं हलवायच्या दोन रीती आहेत. पहिलीत खांदा फिरवा, मग कोपर, मग मनगट. हात जिथे पोचेल तिथे पोचेल. हे फॉरवर्ड कायनेमॅटिक्स, थोडक्यात एफके. दुसरीत मनगट कुठे हवं ते सांगा, कोपर आणि खांद्याचे कोन यंत्र काढेल. हे इन्व्हर्स, म्हणजे आयके.

या दोन्ही रीती संगणकाच्या आधीपासून आपल्याकडे आहेत. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, चामड्याच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या अशा तिन्ही कला जपल्या. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. कळसूत्री बाहुलीचा दोरा हाताला बांधलेला असतो. खेळवणारा हात उचलतो, कोपर आपोआप त्यामागे येतं. हे शंभर टक्के आयके. उलट रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव आठवा. शब्दभ्रमकाराच्या बाहुलीत आत हात घालून मान, जबडा, डोळे वेगवेगळे चालवायचे असतात. ज्या सांध्याला जी दांडी, तोच सांधा हलणार. हे एफके. (१९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचूही पाध्यांचाच. तो बघून घाबरलेली पिढी आता स्टाफरूममध्ये आहे.)

आणि हाडाला हात न लावता, एक-एक चित्र घेत निर्जीव वस्तू हलवायची युक्ती तर दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' या छोट्या पटात १९१५ च्या सुमारास करून दाखवली होती. म्हणजे आपल्याला हा विषय परका नाही.

कुठे कोणती रीत वापरायची? जिथे टोक कशाला तरी टेकलेलं आहे तिथे आयके: जमिनीवरचे पाय, भिंतीवरचा हात, लेझमीवरची मूठ. जिथे टोक हवेत मोकळं आहे तिथे एफके: चालताना हलणारे हात, मान, पाठ. मोकळा हात आयकेने हलवला तर तो दोन पोझमध्ये सरळ रेषेत सरकतो आणि लगेच यंत्रमानव दिसतो. खरा हात खांद्याभोवती कमानीत फिरतो. पाय मात्र एफकेने हलवाल तर कंबर खाली केली की पाऊल जमिनीत घुसलंच म्हणून समजा.

आयके लावताना एक आकडा विसरला जातो, तो म्हणजे चेन लेंथ. ब्लेंडरमध्ये तो शून्य असेल तर त्याचा अर्थ 'काही नाही' असा नसून 'मुळापर्यंत सगळं' असा आहे. मग मनगट ओढलं की खांदा, पाठ, कंबर सगळी वरात मागे निघते. हाताला दोन हाडं म्हणून आकडा दोन.

शेवटच्या सेंटीमीटरची किंमत

आता गुडघा आणि कोपर 'उडी' का मारतात ते बघू. इथे थोडं गणित आहे, पण अकरावीचंच.

आपल्या मुलाचा दंड ३० सेंटीमीटर, कोपरापासून मनगटापर्यंत २५. खांद्यापासून मनगट किती लांब आहे ते आपण ठरवतो. कोपराचा कोन कोसाइनच्या नियमाने निघतो. दोन्ही बाजूंचे वर्ग मिळवा (९०० अधिक ६२५, म्हणजे १५२५), त्यातून अंतराचा वर्ग वजा करा, आणि ३० गुणिले २५ च्या दुपटीने, म्हणजे १५०० ने भागा. हा झाला कोनाचा कोसाइन.

अंतर ४० असेल तर कोन येतो साधारण ९२.९ अंश. ४१ केलं तर ९६. म्हणजे एक सेंटीमीटरला तीन अंश. ठीक आहे. आता हात लांबवत न्या. ५४ ला कोन १५८ अंश आणि ५५ ला थेट १८०, कारण ३० आणि २५ मिळून ५५ च होतात. तोच एक सेंटीमीटर, पण आता किंमत बावीस अंश! त्यातही ५४.९ ला कोन १७३ आहे, म्हणजे शेवटच्या एका मिलिमीटरला सात अंश. पडद्यावर मनगट जेमतेम हललंय, पण कोपर धाडकन सरळ झालंय. डोळ्याला हीच उडी दिसते. चालताना मागचा पाय सरळ होतो तेव्हा गुडघ्याचं हेच होतं.

मेकॅनिकलवाल्यांना हे ओळखीचं वाटायला हवं. पिस्टन वरच्या टोकाला असतो तेव्हा क्रँक बरीच फिरते आणि पिस्टन मात्र हलतो न हलतो. शेतावरच्या डिझेल इंजिनचं डेड सेंटर म्हणजे तुमच्या बाहुलीचं ताठ कोपर. इंजिनातही पिस्टनच चालवतो आणि क्रँक चालते. आयकेमध्ये आपण पिस्टन ओढतो आणि क्रँकने मागे यावं अशी अपेक्षा करतो. डेड सेंटरवर पिस्टन ढकलून क्रँक फिरत नाही, म्हणून तर फ्लायव्हील लागतं. बाहुलीला फ्लायव्हील नाही.

मग करायचं काय? हात पूर्ण ताठ होऊच द्यायचा नाही. ५५ ऐवजी ५३ वर थांबायचं. बघणाऱ्याला हात सरळच वाटतो. लेझीम पुढे झटकायची असेल तर मनगट ओढत नेण्यापेक्षा खांद्याचं हाड, म्हणजे गळ्याजवळचं हंसळीचं हाड, थोडं पुढे ढकला. खरा मुलगाही तेच करतो. हात पुरला नाही की आपण खांदा देतो. बहुतेक विद्यार्थ्यांच्या रिगमध्ये हे हाड असतं आणि त्याला कुणी स्पर्शही करत नाही.

कोपर कुठे ठेवायचं?

खांदा पक्का, मनगट पक्कं, तरी कोपर पक्कं नसतं. स्वतः करून बघा: टेबलाच्या कडेला मूठ धरा आणि मूठ न सोडता कोपर वर-खाली फिरवा. ते एका वर्तुळावर फिरतं. वरच्या मापांत अंतर ४० असताना त्या वर्तुळाची त्रिज्या १८.७ सेंटीमीटर येते. त्या वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू गणिताला तितकाच मान्य आहे. पिंगुळीच्या बाहुलीत हा प्रश्न येत नाही, कारण कोपर कुठे असावं हे गुरुत्वाकर्षण ठरवतं. ते खाली लोंबतं. संगणकात गुरुत्वाकर्षण नाही, म्हणून ते काम आपल्याला पोल टार्गेट देऊन करावं लागतं. कोपराने कुठल्या दिशेला बघावं हे सांगणारी ती खुंटी.

ही खुंटी कोपराच्या मागे, चांगली हातभर लांब ठेवा. जवळ ठेवली तर हात हलवताना ती खांदा-मनगट या रेषेला ओलांडते आणि ओलांडली की कोपर एका फ्रेममध्ये पलीकडच्या बाजूला जातं. लेख सुरू करताना जे उलटं कोपर सांगितलं, त्यातली निम्मी प्रकरणं ही असतात. खुंटी दिल्याबरोबर हात ९० अंशांनी पिळला गेला तर घाबरू नका. तिथे पोल अँगल नावाचा आकडा आहे. तो रोलवर अवलंबून असतो; बहुधा ०, ९०, उणे ९० किंवा १८० यांपैकी एकाने काम होतं.

उरलेली निम्मी प्रकरणं वेगळ्या कारणाने होतात. सांगाडा बसवताना दंड आणि पुढचा हात एका सरळ रेषेत आखलेले असतात. मग सोडवणाऱ्या यंत्राला कळतच नाही की हा सांधा कुणीकडे वाकतो. डेड सेंटरवर उभ्या असलेल्या क्रँकला उजवीकडे फिरायचं की डावीकडे हे कळत नाही तसं. म्हणून एडिट मोडमध्येच कोपर किंचित मागे आणि गुडघा किंचित पुढे सरकवून ठेवायचा. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही पुरतो. शिवाय गुडघ्याला सांध्याच्या मर्यादा घाला, म्हणजे तो बगळ्यासारखा मागे मोडणार नाही.

खांद्याचं कुलूप

कोपर एकाच अक्षावर फिरतं, खांदा तिन्हींवर. तीन आकड्यांत फिरणं सांगायची ऑयलरची रीत सोपी आहे, पण तिला एक खोड आहे. कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड घ्या. खालची चकती कॅमेऱ्याला डावी-उजवीकडे फिरवते, मधला सांधा वर-खाली करतो आणि वरचा सांधा कॅमेरा तिरका करतो. आता कॅमेरा सरळ आभाळाकडे करा. खालची चकती फिरवली काय आणि वरचा सांधा फिरवला काय, एकच गोष्ट होते. तीन सांध्यांचे दोनच उरले. याला गिंबल लॉक म्हणतात. अपोलो यानांच्या दिशादर्शक यंत्रणेत तीन गिंबल होते, म्हणून तिथल्या अंतराळवीरांनाही या स्थितीपासून लांब राहावं लागे. मग आपल्या लेझीमवाल्याने हात डोक्यावर नेल्यावर खांदा अडकला यात नवल नाही.

यावरचा उपाय हॅमिल्टनला १८४३ साली डब्लिनच्या एका पुलाजवळ सुचला. तो म्हणजे चार आकड्यांचे क्वाटर्निअन. अॅनिमेशनमध्ये ते रुजवण्याचं श्रेय केन शूमेक यांच्या १९८५ च्या निबंधाला जातं. ब्लेंडर हाडांना मुळातच क्वाटर्निअन देतं. पण फुकट काहीच मिळत नाही. एकतर त्या चार आकड्यांचा आलेख माणसाला वाचता येत नाही. दुसरं म्हणजे क्वाटर्निअन नेहमी जवळच्या वाटेने जातं. लेझीम मनगटात पूर्ण एक गिरकी घेते असं दाखवायचंय, म्हणून पहिल्या फ्रेमला ० आणि विसाव्याला ३६० दिले, तर काहीच हलत नाही! दोन्ही अवस्था एकच आहेत, मग जायचं कुठे? गिरकीसाठी मध्ये दोन-तीन टप्पे द्या, नाहीतर त्या एका हाडाला ऑयलरवर टाका.

माझा हिशोब असा: खांदा आणि खुबा क्वाटर्निअनवर, कोपर, गुडघा, बोटं ऑयलरवर. ऑयलरचा क्रम निवडताना मधल्या अक्षावर असं फिरणं ठेवायचं जे नव्वदीपर्यंत कधी पोचणारच नाही. कुलूप नेहमी मधल्या अक्षालाच लागतं.

इथे एक आडवळण घेतो, पण ते आपल्या पोटापाण्याचं आहे. वेल्डिंगच्या सहा अक्षांच्या रोबोटचं मनगटही असंच आहे. त्याचा पाचवा अक्ष शून्यावर आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात आणि तेच कुलूप लागतं; रोबोटवाले त्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. टोक सावकाश चाललेलं असतं आणि चौथा-सहावा अक्ष मात्र एकदम जोरात फिरू पाहतात. पडद्यावर कोपर उलटलं तर आपण कंट्रोल-झेड दाबतो. कारखान्यात ते लोखंड असतं आणि शेजारी माणूस असतो. म्हणूनच हाताने शिकवताना रोबोटचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवायचा नियम आहे. डेनाव्हिट आणि हार्टेनबर्ग यांची १९५५ ची पद्धत तुम्ही रोबोटिक्सच्या पेपरला पाठ करता. हाडांचा बाप-लेक सांगाडा म्हणजे त्याच पद्धतीचं घरगुती रूप. ज्याने एकदा बाहुलीचा हात स्वतः बसवला, त्याला तो पेपर पाठ करावा लागत नाही असा माझा अनुभव आहे.

पिळलेलं मनगट

हाड बरोबर फिरलं तरी वरची कातडी बिघडू शकते. कातडीचा प्रत्येक बिंदू जवळच्या हाडांचं थोडं-थोडं ऐकतो. ते प्रमाण म्हणजे वेट. दोन हाडांच्या मधला बिंदू निम्मं-निम्मं ऐकतो, म्हणजे दोन्ही जागांची सरासरी काढतो. आता मनगट १८० अंश पिळा. एका हाडाच्या मते बिंदू उजवीकडे एक सेंटीमीटरवर, दुसऱ्याच्या मते डावीकडे एक सेंटीमीटरवर. सरासरी शून्य! मनगट मध्ये बारीक होऊन चॉकलेटच्या कागदाचा पीळ होतो. नुसतं ९० अंश पिळलं तरी त्रिज्या ०.७ पट उरते, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ निम्मं.

मुलं इथे तासन्तास वेट पेंट करत बसतात. ते वाया जातं, कारण दुखणं वेटमध्ये नाही. डाव्या हाताने उजव्या हाताचा पुढचा भाग कोपराजवळ धरा आणि उजवा तळवा वर-खाली करा. कोपराजवळ फारसं काही फिरत नाही, मध्ये थोडं फिरतं, मनगटाजवळ सगळं फिरतं. शरीरात दोन हाडं एकमेकांवरून जातात आणि पीळ लांबीभर वाटला जातो. आपणही तेच करायचं. पुढच्या हाताच्या हाडाचे दोन-तीन तुकडे करून प्रत्येकाला मनगटाच्या पिळाचा थोडा-थोडा वाटा द्यायचा. ब्लेंडरमध्ये 'प्रिझर्व्ह व्हॉल्यूम' अशीही एक खूण आहे. ती सरासरीची रीतच बदलते, पण वाकलेल्या सांध्यावर कधीकधी फुगवटा आणते. पीळ वाटणं केव्हाही चांगलं.

दोन हात, एक लेझीम

आता मुख्य गाठ. लेझीम उजव्या हाताची लेक केली. डावा हात लेझमीला बांधला. इथवर ठीक. मग कुणीतरी उजवा हातही लेझमीवर राहावा म्हणून त्याचं टार्गेट लेझमीला बांधतं. आता लेझीम हाताकडे बघते आणि हात लेझमीकडे. 'तू आधी, तू आधी' करत दोघंही थरथरतात किंवा एक फ्रेम मागे राहतात. ब्लेंडर टर्मिनलमध्ये सायकलचा इशाराही देतं, पण टर्मिनल बघतो कोण?

दिशा उलटी करा. लेझमीला मालक करा. तिचं स्वतःचं एक हाड, ते कुणाच्याही हाताखाली नाही. दोन्ही मनगटांची टार्गेट तिची लेकरं. आता तुम्ही फक्त लेझीम हलवता, हात मागे येतात. नाहीतरी खेळताना मुलाचं लक्ष लेझमीवर असतं, कोपरावर नसतं. फक्त साखळीच्या मुठीला थोडी मोकळीक हवी. ती दांड्याला घट्ट बांधली तर साखळी गज झाल्यासारखी दिसते. तिला वेगळं हाड देऊन त्यावर 'लिमिट डिस्टन्स' लावा, म्हणजे साखळीच्या लांबीच्या आत ती मोकळी फिरेल, बाहेर जाणार नाही. मध्येच एका हाताने लेझीम सोडायची असेल तर 'चाइल्ड ऑफ' हा बंध लावून चालू-बंद करावा. तो लावताच हात भलतीकडे उडाला तर 'सेट इन्व्हर्स'चं बटण दाबायचं राहिलेलं असतं, एवढंच.

स्केलबद्दल फार लिहीत नाही. सांगाडा बसवण्याआधी मॉडेलचं स्केल 'अप्लाय' करून एक करून घ्या. एका अक्षावर जास्त, दुसऱ्यावर कमी असं ताणलेलं मॉडेल फिरवलं की तिरकं होतं आणि वरचे सगळे उपाय करूनही फरक पडत नाही.

मापं कुणाची?

सॉफ्टवेअरबरोबर मिळणारी माणसं बहुधा उंचनिंच परदेशी बांध्याची असतात. खेळासाठी चालून जातं. पण आपल्यातले काही जण याच बाहुल्या वापरून रोलिंग मिलमधल्या कामगारांसाठी ओझं कसं उचलावं याची पोस्टर करायचं म्हणतायत, आणि 'जालना सोने का पालना' म्हणवणाऱ्या या गावात सळ्यांच्या गिरण्या पाहता ते काम खरंच व्हायला हवं. तिथे मात्र चालढकल नको. वाकण्याचं पहिलं हाड कमरेच्या पट्ट्याच्या जागी ठेवलं तर बाहुली पाठीतून वाकते. खरा सांधा, खुब्याचा, त्याच्या बराच खाली आहे. हाड चार बोटं वर बसलं तर 'पाठ सरळ ठेवून गुडघ्यात वाका' असं लिहिलेल्या पोस्टरवरचा माणूस नेमका पाठ मोडून उभा दिसेल, आणि बघणारा चित्र बघतो, मजकूर वाचत नाही.

भारतीय शरीराची मापं देवकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केली आहेत. अहमदाबादच्या एनआयडीने ते पुस्तक १९९७ मध्ये काढलं. पुस्तक हाताशी नसेल तर शिंप्याची टेप घ्या आणि खोलीतल्या चार मित्रांची मापं काढा: खांद्याच्या टोकापासून कोपर, कोपरापासून मनगट, खुब्यापासून गुडघा, गुडघ्यापासून घोटा. खुबा सापडत नसेल तर एका पायावर उभं राहून दुसरा पाय झुलवा आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला हात ठेवा. जे हाड हाताखाली फिरतं, साधारण त्याच उंचीवर सांधा आहे. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

सांगाडा बसला की पोझ द्यायच्या आधी चार चाचण्या करा. कंबर खाली करा: पावलं जागची हलता कामा नयेत आणि गुडघे पुढेच जायला हवेत. हात डोक्यावर नेऊन पुन्हा खाली आणा: कोपर मध्ये कुठे पलटी मारतंय का बघा. तळवा पूर्ण वळवा: मनगटाची जाडी बघा. शेवटी लेझीम छातीपासून हातभर पुढे न्या आणि फ्रेम एक-एक करून पुढे जा. उडी असेल तर ती शेवटच्या दोन-तीन फ्रेममध्येच सापडेल. फाइल प्रत्येक चाचणीनंतर नव्या नावाने साठवा, डाव्या-उजव्या हाडांच्या नावांना शेवटी डॉट एल, डॉट आर लावायला विसरू नका (म्हणजे एका बाजूची पोझ दुसऱ्या बाजूला उलटी चिकटवता येते), आणि लॅबमध्ये रेंडर लावून जेवायला जाणार असाल तर मशीन यूपीएसवर आहे ना तेवढं बघून जा.